ईटवाले आलेत

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला मुलं अभ्यास करतात, असा बाहेर समज आहे. मुलं प्लॅनिंग करतात. प्लॅनिंग मोडलं की उरलेल्या वेळात अभ्यास होतो. आणि ते का मोडलं हे एकमेकांना सांगता सांगता चहा गार होतो नि किस्से साठत जातात. आता परीक्षा झाली, इंटर्नशिप झाली, पीजीला कुठं नंबर लागतो याची वाट बघत आम्ही तिघं आपापल्या घरी पडलोय. रोज फोनवर तेच किस्से पुन्हा सांगतो. हसतो. मग कुणीतरी जांभई देतं.

तिघं म्हणजे मी रोहिणी, भूम तालुक्यातल्या ईटची. माझे वडील, म्हणजे आण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. सायली कळंबची, तिच्या वडिलांचं मोंढ्यात आडत दुकान. आणि बिरुदेव, म्हणजे आमचा बिरा, नळदुर्गकडचा, त्याच्या घरी मेंढरं. धाराशिवला एका वर्गात होतो, एका टेबलावर जेवायचो.

मला गायनॅक करायचं होतं. माझ्या चुलतीला बाळंतपणात अडल्यावर जीपमध्ये घालून पळवलेलं मी लहानपणी बघितलंय. ती वाचली. पण त्या दिवसापासून माझं ठरलंय की शिकायचं आणि आपल्याच भागात येऊन बसायचं. त्यासाठी पीजीला जवळचं सरकारी कॉलेज, त्यासाठी बरी रँक, त्यासाठी शेवटच्या वर्षाचा कडक अभ्यास. सरळ हिशोब होता. त्यात एकच गोष्ट धरायची राहिली. गाव.

*

वर्षाचं वेळापत्रक सायलीनं केलं. आडत्याची पोरगी, तिनं प्रत्येक विषयाला भाव लावला.

"मेडिसिन म्हणजे तूर. कधीही काढा, उठाव आहे. सर्जरी सोयाबीन. पेडियाट्रिक्स हरभरा, कमी पाण्यात येतं."

"आणि डोळे?" मी विचारलं.

"करडई. आता कुणी पेरत नाही, पण ज्यानं पेरली तो निवांत असतो."

चार रंगांच्या पेनांनी केलेलं ते वेळापत्रक तिनं मेसच्या टेबलावर पसरलं. बिरानं ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "ह्यात जेवण कुठंय?"

"जेवण ऐच्छिक आहे."

त्याच आठवड्यात सायलीचे वडील भेटायला आले. त्यांनी चष्मा लावून सगळे रंग बघितले, लेकीकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आडतीत कुणी एवढं रंगवून लिहीत बसलं, तर समजायचं दुकानात माल आलेला न्हाय."

*

वेळापत्रकाच्या पहिल्याच सोमवारी, मेडिसिनच्या तासाला, माझा फोन वाजला.

"बाई, म्या गेटवर हाय. कुठल्या दारानं येऊ?"

"कोण बोलताय?"

"म्या ईटचा की. गुरुजींनी नंबर दिलाय."

आण्णांनी नंबर नुसता दिला नव्हता, वाटला होता. शाळेत, पारावर, गावाच्या ग्रुपवर. "आमची रोहिणी धाराशिवला मोठ्या दवाखान्यात आहे, काही लागलं तर फोन करा." आमच्याकडं रीतच आहे ती. मोठ्या दवाखान्यात जायचं तर आपलं माणूस लागतं. ते माणूस डॉक्टर असावंच असं नाही. शिकणारं चालतं, शिपाई चालतो, कँटीनवाला पण चालतो. पण गावचं पाहिजे.

मग रोज कुणी ना कुणी. गुडघा, मोतीबिंदू, खोकला, सुनेचा खोकला, शेजारणीच्या सुनेचा खोकला. एकदा फोन आला, "बाई, म्हशीनं कालधरनं वैरण सोडलीय."

मी म्हटलं, "काका, मी माणसांची डॉक्टर होतेय."

"व्हय, ते ठाव हाय. पर एखादी गोळी तर सांगता येईल की."

मी दुपारी फोन बंद ठेवायला लागले. तर लोक हॉस्टेलच्या गेटवर. आमच्या वॉर्डनबाई जिन्याखालून हाक मारायच्या, "रोहिणी, ईटवाले आलेत." ही हाक एवढ्यांदा झाली की पुढं कॉलेजमध्ये तो वाक्प्रचारच झाला. कुणाचा अभ्यास बोंबलला, पाऊस आला, मेसला भाजी संपली, की पोरं मान हलवून म्हणायची, "ईटवाले आले."

मी चिडून आण्णांना फोन केला. "आण्णा, मला अभ्यास असतो, हे सांगा ना लोकांना."

"सांगतो की."

"मग?"

"ते म्हणतात, आमाला बघून तिचा अभ्यासच होईल."

*

खरी चीड मला लोकांची नव्हती. केसपेपर एका खिडकीत, रक्त दुसऱ्या खोलीत, रिपोर्ट वरच्या मजल्यावर. सगळीकडं पाट्या आहेत, पण आजारी माणूस पाट्या वाचत फिरत नाही. तो आपल्या माणसाच्या मागं मागं चालतो. हे बदललं पाहिजे, असं मला रोज वाटायचं आणि रोज मी बिराला ते ऐकवायचे, कारण सायली ऐकून घ्यायची नाही.

बिराची तऱ्हा वेगळी. नळदुर्गकडचे त्याचे लोक कमीच यायचे, कारण त्यांना सोलापूर जवळ. म्हणून हा माझ्या गावचे लोक घेऊन फिरायचा. मी तासाला बसायचे, हा एखाद्या म्हाताऱ्याला धरून एक्स-रेच्या रांगेत.

एकदा मी त्याला तिथंच गाठलं. "बिरा, एकेकाला हाताला धरून किती दिवस फिरवणार? आख्खी व्यवस्था बदलायला पाहिजे."

"बदलू की," बिरा म्हणाला. "तेवढा ह्यांचा नंबर आलाय, तो होऊ दे."

*

आमचं कॉलेज नवं. इतर कॉलेजांत पोरं सीनियरला विचारून विचारून शहाणी होतात. आमच्याकडं सीनियर जवळपास नव्हतेच. पीजीला कुठली ब्रँच घ्यावी, हे विचारायचं कुणाला?

सायलीचा एक आतेभाऊ मोठ्या शहरात सर्जरीला रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारा डॉक्टर, होता. पुष्कळ प्रयत्नांनी एका रविवारी दुपारी तो फोनवर सापडला. आम्ही फोन स्पीकरवर ठेवून भोवती बसलो. सायलीनं आधी घरची चौकशी केली, मग मुद्द्याला आली.

"दादा, सर्जरी कशी आहे रे? घ्यावी का?"

पलीकडं शांतता. आम्हाला वाटलं, विचार करतोय. जबाबदारीचा प्रश्न आहे, वेळ लागणारच. मग हळूहळू घोरण्याचा आवाज आला.

आम्ही बराच वेळ ऐकत बसलो. शेवटी सायलीनं हलक्या हातानं फोन ठेवला.

"कळलं," ती म्हणाली.

*

बिराचे वडील एकदा अचानक आले. खांद्यावर घोंगडं, हातात गुळाची पिशवी. मेंढरं जवळच्या रानात बसवली होती म्हणून लेकाला बघून जावं म्हणून आलेले. कँटीनला चहा घेतला. बिरा त्यांना सांगत होता की एमबीबीएस झालं की आणखी पुढं शिकायचं असतं.

"कशाचं?" त्यांनी विचारलं.

बिरानं ब्रँचा सांगितल्या. कान-नाक-घशाचा एक डॉक्टर, डोळ्यांचा वेगळा, हाडांचा वेगळा, कातडीचा वेगळा, लेकरांचा वेगळा.

म्हाताऱ्यानं बशीतला चहा संपवला. "मग सबंध माणूस कुणाकडं असतंय?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. बिरा म्हणाला, "मेडिसिनवाल्याकडं. जमलं तर."

"मग त्येच घे. वाटण्या झाल्याला कळप कुणालाच आवरत न्हाय."

बिरानं त्या दिवसानंतर ब्रँचेवर एकदाही चर्चा केली नाही. आम्ही विचारलं की म्हणायचा, "माझं झालंय." सायलीला मात्र त्याचा राग यायचा. एवढी वेळापत्रकं करून तिचं अजून काहीच झालं नव्हतं.

*

फायनलची प्रॅक्टिकल. मेडिसिनची लाँग केस, म्हणजे एक पेशंट आपल्या वाट्याला येतो, त्याला सगळं विचारायचं, तपासायचं आणि मग बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांसमोर मांडायचं. ह्यात गेलं तर वर्ष गेलं. पीजी बिजी सगळं पुढं ढकललं.

मी कॉटजवळ गेले. कॉटवर नामदेवतात्या. आमच्या गल्लीतले.

"आली का," तात्या खूश होऊन म्हणाले. "म्या सकाळधरनं तुजीच वाट बघतोय."

मी दबक्या आवाजात म्हटलं, "तात्या, ओळख दाखवू नका. नीट उत्तरं द्या फक्त. दम लागतो का?"

तात्यांनी आजूबाजूला बघितलं आणि माझ्याहून दबक्या आवाजात विचारलं, "किती लागाया पायजे?"

"जेवढा लागतो तेवढा."

"तसं नगं. तुजा पेपर हाय. तू सांगशील तेवढा लागतो."

"तात्या, खरं सांगा."

"बरं. पायाला सूज पण घालू का?"

माझा निम्मा वेळ तात्यांकडून खरं काढण्यात गेला. कसंबसं लिहिलं. परीक्षक सर आले, मी केस सांगितली. त्यांना काहीतरी शंका आली असावी. ते सरळ तात्यांकडं वळले.

"काय बाबा, चालताना छातीत दुखतं का?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. तात्या खाकरले आणि परीक्षकांना अदबीनं म्हणाले, "पोरीनं काय लिवलंय?"

वॉर्डातली सिस्टर हातातला ट्रे घेऊन पाठमोरी झाली. तिचे खांदे हलत होते. सरांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या गावचे का?"

"हो सर."

"मग आता दोघांनाही पास करावं लागेल."

*

इंटर्नशिपला मात्र आमचं हसणं कमी झालं. दिवसभर ड्यूटी आणि उरलेल्या वेळात पीजीच्या परीक्षेचा अभ्यास. लेबर रूमची पोस्टिंग होती तेव्हा मी सलग कधी झोपले ते आठवत नाही. ज्या कामासाठी एवढा खटाटोप चालला होता, तेच काम समोर होतं आणि मला फक्त झोपायचं होतं. बाळ रडलं की बाकीच्यांचे चेहरे उजळायचे. मला वाटायचं, चला, आता खुर्ची मिळेल.

तेव्हा एका दुपारी आण्णा डबा घेऊन आले. भाकरी, शेंगाचटणी, वांगं. आवारातल्या झाडाखाली बसून मी जेवायला लागले आणि घास हातात धरून तशीच झोपले. नंतर काय झालं ते बिरानं सांगितलं. आण्णांनी माझ्या हातातला घास काढून डब्यात ठेवला. टोपीनं माश्या वारत बसले. तेवढ्यात ईटचा एकजण केसपेपर नाचवत आला, "बरं झालं गुरुजी, तुमीच भेटला. रोहिणी कुठंय?"

मी समोरच होते. आण्णा त्याला म्हणाले, "न्हाय ती हितं."

गावच्या माणसाला त्यांनी नाही म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. तेही झोपेत असल्यामुळं ऐकायचं राहिलंच.

संध्याकाळी एसटीतून त्यांचा फोन आला. मागं इंजिनाचा खडखडाट. "रोहे, मी इचार केला. तू डोळ्याचं घे. रात्री कुणाचे डोळे दुखत न्हाईत."

*

पीजीचा निकाल लागला. देशभरातून डॉक्टर ती परीक्षा देतात, त्यामुळं चांगली रँकसुद्धा हजारांतच असते. माझी बरी आली. गायनॅक मिळेल, डोळेही मिळतील, अशा बेताची. बिराला मेडिसिन मिळण्यासारखं होतं. सायली म्हणाली, "मी आता जो भाव येईल त्याला विकणार."

आण्णा आनंदानं पारावर सांगायला गेले आणि लगेच परत आले. चपला जोरात काढल्या.

"काय झालं?"

"रँक सांगितली. तर म्हणतात, गुरुजी, दहावीला पयली आल्याली पोरगी, एवढी मागं कशी काय गेली?"

ते आठवडाभर पारावर गेले नाहीत.

*

आता शेवटचा किस्सा. हा अजून मी सायलीला सांगितलेला नाही, बिराला तर नाहीच.

पीजीसाठी कॉलेज आणि ब्रँच यांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा असतो. वर जे टाकाल ते आधी मिळण्याची शक्यता. मग लॉक करायचं. एकदा लॉक केलं की बदल नाही, पुढची सगळी वर्षं त्या क्रमावर. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, पण गावात लाईटचा आणि रेंजचा भरवसा नाही म्हणून आण्णांनी सकाळीच मला लॅपटॉपसमोर बसवलं. स्वतः शेजारी खुर्ची घेऊन, शाळा तपासायला साहेब आल्यासारखे.

"डोळे वर," ते म्हणाले.

मी वाद घालीन असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. पण वाद घालायला लागते ती ताकद मी शोधली आणि ती नव्हती. झाडाखालची ती झोप आठवली. म्हटलं, डोळे तर डोळे. डोळ्यांचीही गरज असतेच की लोकांना. मी डोळ्यांची ओळ उचलून सगळ्यांत वर टाकली. गायनॅक खाली गेलं. आण्णा खुर्चीत मागं टेकले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "व्हय... व्हय... कधीपास्नं?... आणा की. घरीच हाय ती."

फोन ठेवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तोंडात बसलंय ते."

जीप आली. गावातच आरोग्य केंद्र आहे, तिथं डॉक्टर होते, सिस्टर होत्या, पण जीप आधी आमच्या दारात. वस्तीवरची सून, कळा सुरू झालेल्या. सोबत सासू, जाऊ, दोघी शेजारणी आणि कशाला आला ते कुणालाच माहीत नसलेला एक पुतण्या. मी चपला घालत होते तोवर सासूनं जीपमधूनच विचारलं, "बाई, तू आता फुडं कशाचं शिकणार म्हणं?"

मी तोंड उघडायच्या आत आण्णा म्हणाले, "डोळ्याचं."

जीपमधल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. सून तेवढी कण्हत होती. सासूनं माझ्याकडं नीट बघितलं, जरा सरकून सुनेजवळ जागा केली आणि म्हणाली, "असू दे, असू दे. आज हाय ते बघ."

मी बसले.

केंद्रातल्या सिस्टर हुशार होत्या, माझं काम तसं थोडंच होतं. सुनेनं माझा हात जो धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही, एवढंच. दिवस मावळायच्या सुमाराला बाळ रडलं. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची सरकवली. मी बसायचं विसरले.

चालत घरी आले. आण्णा सकाळच्याच खुर्चीत होते, चष्मा कपाळावर. लॅपटॉप उघडाच. मध्ये लाईट गेली असावी, चार्जर काढून पुन्हा लावलेला दिसत होता.

"दोघं बरी हायत?" त्यांनी विचारलं.

"दोघी. मुलगी झाली."

"बरं झालं."

"तुम्ही लॉक केलं का?"

"तुझ्याबिगर कसं करीन?"

मी हातपाय धुऊन आले, शेजारी बसले. आण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वाकून स्क्रीनकडं बघितलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ खाली कशी सरकवायची, तेवढं दाव."